एका दांड्यावर दोन पंखे, शेपटीला एकही नाही. मग तोंड वळवायचं कशानं?

डवरा
मंडळी, आर्णी तालुक्यातल्या एका शाळेत नववीची पोरं विज्ञान प्रदर्शनासाठी हेलिकॉप्टर बांधताहेत. एकाच अक्षावर एकावर एक असे दोन पंखे, उलटसुलट फिरणारे, ज्याला कोअ‍ॅक्सियल म्हणतात तसलं. पंख्याचा व्यास ६० सेंमी, पात्यांचा कोन पक्का, वजन बॅटरीसकट १ किलो २०० ग्रॅम. वरच्या पंख्याला एक मोटर, खालच्याला एक, दोन्हींना गिअर. बॅटरी तीन सेलची.

दोन पंख्यांचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एकमेकांना मारतो म्हणून शेपटीचा पंखा लागत नाही, इथवर पोरांना कळलं. पण मग नाक डावी-उजवीकडे वळवायचं कसं? तीन वाटा दिसतात. दोन मोटरींच्या वेगात फरक करायचा, किंवा पात्यांच्या कोनात फरक करायचा, किंवा पंख्याखालच्या वाऱ्यात सुकाणूसारखी पट्टी धरायची. माझं मत असं की वेगातला फरक पुरे, बाकी उगाच पसारा. खऱ्या हेलिकॉप्टरवाल्यांनी कोनाची भानगड कशासाठी केली?

रुईवाला
बंडी वळवतानी काय करता राजेहो? एका बैलाले आवरता, दुसऱ्याले हाकलता. तेच हाय हे. धागा संपला.

फिरकी
रुईवाला, बैल बरोबर, पण मोठ्या हेलिकॉप्टरात दोन्ही बैल एकाच जुवाला घट्ट बांधलेले असतात. दोन्ही पंखे एकाच गिअरबॉक्समधून निघतात, दाताला दात. एकाचे फेरे वाढवले की दुसऱ्याचेही तेवढेच वाढणार. वेगात फरक करायला जागाच नाही, म्हणून कोनात करावा लागतो.

कामोव्ह या रशियन कंपनीच्या कोअ‍ॅक्सियल यंत्रांत हे असं चालतं. चालकाने उजवं पॅडल दाबलं की वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन थोडा वाढतो आणि दुसऱ्या पंख्याचा तेवढाच घटतो. कोन वाढलेल्या पंख्याला हवा जास्त अडवते, त्याला फिरवायला जास्त टॉर्क लागतो आणि त्याची प्रतिक्रिया धडावर उलट दिशेने येते. म्हणजे नाक घड्याळाच्या दिशेने, उजवीकडे. एकाची उचल वाढली, दुसऱ्याची घटली, बेरीज जवळपास तीच. त्यामुळे पॅडल मारलं म्हणून यंत्र वर-खाली होत नाही आणि बाजूलाही सरकत नाही. शेपटीचा पंखा असलेलं हेलिकॉप्टर मात्र त्या पंख्याच्या रेट्याने बाजूला सरकू पाहतं, ते सतत थोडं कलतं ठेवून सावरावं लागतं.

वऱ्हाडीठेचा
म्हणजे नवरा-बायको एका छपराखाली, दोघांची तोंडं दोन दिशेला, आन् घर जागच्या जागी. आता समजलं.

नागमोडी
फिरकी, एक कारण राहिलं. गिअर नसता, दोन वेगळी इंजिनं असती, तरी मोठ्या पंख्याचा वेग झटकन बदलत नाही. १३ मीटर व्यासाचा पंखा म्हणजे केवढं जडत्व! वेग वाढायला दोन-तीन सेकंद गेले तर तोवर नाक कुठल्या कुठे जाईल. पोरांच्या मॉडेललाही तेच भोवणार. ६० सेंमीचा पंखा खेळण्याइतका हलका नाही. मी डवरांच्या मताशी असहमत.

फिरकी
अर्धं बरोबर, अर्धं नाही. पंख्याचा वेग उशिरा बदलतो, पण धडाला मोटरचा टॉर्क ताबडतोब लागतो. मोटरने पंख्याला जोर लावला त्याच क्षणी तेवढाच जोर उलट दिशेने धडावर येतो, पंखा अजून तितका वेगात आलेला नसला तरी. जड पंखा म्हणून नाक उशिरा वळेल असं नाही.

खरी अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, मोटरकडे हात राखून किती टॉर्क आहे. तरंगण्यासाठीच ८५ टक्के थ्रॉटल लागत असेल तर वर वाढवायला काय उरलं? म्हणून तरंगताना थ्रॉटल ५० ते ६० टक्क्यांत बसेल असा गिअर निवडायचा. दुसरी, वेग घटवताना. साधा स्पीड कंट्रोलर मोटर नुसती मोकळी सोडतो, पंखा हवेच्या अडथळ्याने आपापला मंदावतो, आणि तेवढा वेळ त्या बाजूचा हिसका मिळत नाही. त्यामुळे नाक एका बाजूला चटकन वळतं आणि थांबवताना पुढे वाहून जातं. ब्रशलेस कंट्रोलरमध्ये ब्रेक लावून मंदावण्याची सोय असते, ती चालू ठेवायची.

नागमोडी
मुद्दा मान्य. जडत्वाचं वाक्य मागे घेतो.

पळसपान
डवरा, हिशेब सोपा आहे. कोन पक्का असेल तर उचल आणि टॉर्क दोन्ही वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतात. एकाचा वेग अडीच टक्के वाढवा, दुसऱ्याचा अडीच टक्के घटवा. टॉर्क एकाचा ५ टक्के वर, दुसऱ्याचा ५ टक्के खाली, फरक १० टक्के. उचलीची बेरीज हजारात एकानेही बदलत नाही.

पण सुरुवातीलाच एक खोड निघेल. दोन्ही पंख्यांचा कोन आणि वेग सारखा ठेवला तर यंत्र सरळ राहणार नाही. खालचा पंखा वरच्याच्या वाऱ्यात फिरतो. वरून आधीच खाली जाणारी हवा त्याच्या पात्यांना कमी कोनात भेटते, त्यामुळे त्याची उचलही कमी, टॉर्कही कमी. खालच्याचा कोन वरच्यापेक्षा एक अंश जास्त ठेवून सुरुवात करा, उरलेलं वेगात जुळवा. टॉर्क जुळला तरी उचल सारखी होत नाही, वरच्याची जास्तच राहते. त्याची काळजी करू नका.

दोन पंख्यांत अंतर व्यासाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवायची पद्धत आहे, म्हणजे तुमच्याकडे ६ सेंमी. पाती लवचीक प्लास्टिकची असतील तर ८ ठेवा. झटक्यात वरच्या पंख्याची पाती एका बाजूला खाली लवतात, खालच्याची त्याच बाजूला वर येतात आणि टाळी वाजते. मोठ्या यंत्रांतही हा धोका खरा आहे, १९९८ मध्ये रशियाचं एक का-५० (कामोव्हचंच लढाऊ हेलिकॉप्टर) अशाच पाती-टकरीत पडलं.

चिमूरकर
अवांतर: का-५० मध्ये चालकाला खुर्चीसकट वर उडवून बाहेर काढायची सोय आहे. आधी डोक्यावरच्या सगळ्या पात्या स्फोटाने उडवतात, मग खुर्ची जाते. क्रम चुकला तर काय होईल ते लिहीत नाही.

वऱ्हाडीठेचा
खिमा.

संपादक मंडळ
विषयावर या.

रुईवाला
विषयावरच येतो. आपल्या नौदलाकडं हेच कामोव्ह हायत ना? जहाजावर शेपटी मावत नाही म्हून?

फिरकी
हो, का-२८ पाणबुड्या शोधायला आणि का-३१ रडार घेऊन. शेपटीचा पंखा नसल्याने लांबी कमी, छोट्या डेकवर मावतं. दुसरा फायदा वाऱ्याचा. आडव्या वाऱ्यात शेपटीचा पंखा गोंधळतो, इथे तो प्रश्नच नाही, जहाज कुठेही तोंड करून असो. शेतीतही याच घराण्यातलं का-२६ होतं. १९६५ ला पहिल्यांदा उडालं, हंगेरीत फवारणीला भरपूर वापरलं गेलं.

तुरीचंबोळं
का-२६ चं नाव निघालंच आहे तर त्याच्या शेपटीकडे बघा. शेपटीचा पंखा नाही म्हणता, मग मागे दोन उभे पडदे आणि त्यांना हलणारी सुकाणूं कशाला? कोनाच्या फरकाने सगळं होत असेल तर ते वजन कोण वागवेल?

फिरकी
झकास प्रश्न. कोअ‍ॅक्सियलची खरी मेख इथेच आहे, जरा लांब लिहितो.

इंजिन चालू असताना हवा पंख्यातून वरून खाली जाते. पात्याचा कोन वाढवला की हवेचा अडथळा वाढतो, टॉर्क वाढतो, वर लिहिलं तसं. आता इंजिन बंद पडलं आणि यंत्र खाली येतंय असं धरा. हवा आता खालून वर पंख्यातून जाते आणि पवनचक्कीसारखी पाती फिरवते. या अवस्थेत पात्याची उचल थोडी पुढे कललेली असते आणि तीच पात्याला पुढे ओढते. कोन वाढवला की ही ओढही वाढते. म्हणजे ज्या पंख्याचा कोन वाढवला तो आता हवेला अडवण्याऐवजी हवेकडून जास्त जोर घेतो. टॉर्कची खूण बदलली. उजवं पॅडल दाबलं आणि नाक डावीकडे!

हे एकदम होत नाही. उतरण्याचा वेग वाढत जातो तसं आधी पॅडल मऊ पडतं, मग काहीच करत नाही, मग उलटं करतं. मधली अवस्था सगळ्यात वाईट, कारण चालक जोर वाढवत जातो.

रुईवालांची बंडी इथे कामाला येते. सपाटीवर बैल बंडी ओढतात. उतारावर बंडीच बैलांना ढकलते. तेव्हा सपाटीवरची युक्ती चालत नाही.

म्हणून मागे मोठे पडदे आणि सुकाणू. पॅडल एकाच वेळी दोन्हीला जोडलेलं असतं, पंख्यांच्या कोनाला आणि सुकाणूंना. इंजिन गेलं तरी पुढचा वेग राखून उतरायचं म्हणजे सुकाणूवर वारा राहतो आणि ते कोनाच्या उलट्या परिणामाला पुरून उरतं. पुढचा वेग शून्य करून सरळ खाली आलात तर सुकाणू म्हणजे नुसता पत्रा.

पळसपान
+१. आणि खूप वेगातही हेच. सिकोर्स्कीच्या एक्स-२ या कोअ‍ॅक्सियल हेलिकॉप्टरने २०१० मध्ये २५० नॉट ओलांडले, म्हणजे ताशी ४६० किमीच्या वर. तिथे पुढे ढकलायचं काम मागचा ढकलपंखा करतो, वरच्या पंख्यांवर टॉर्क फारसा उरत नाही. टॉर्कच नाही तर त्यातला फरक कुठून आणणार? सुकाणूच लागतं.

नागमोडी
खूण न बदलणारी एक पद्धत आहे, ती कोणीच लिहिली नाही. पात्याच्या टोकाला छोटी झडप. उघडली की ते पातं हवेत अडतं. अमेरिकी नौदलाचं क्यूएच-५० हे बिनचालक यंत्र १९६० च्या दशकात टॉर्पेडो घेऊन उडायचं, त्याला अशा टोकाच्या झडपा होत्या. झडप नेहमी अडवतेच, इंजिन चालू असो की बंद. त्यामुळे पॅडल कधी उलटं होत नाही. तोटा उघड आहे. वळायचं म्हणून हवेत ब्रेक लावताय, शक्ती वाया. शिवाय फिरत्या पात्याच्या टोकापर्यंत दोरी किंवा सळई न्यायची म्हणजे देखभालीचा जाच.

चिमूरकर
जुनी पद्धत: इटलीच्या कोराडिनो दास्कानियोने १९३० मध्ये कोअ‍ॅक्सियल उडवलं, त्यात वळायला, झुकायला, कलायला धडावर तीन वेगळे छोटे पंखे होते. याच माणसाने पुढे वेस्पा स्कूटर काढली. म्हणजे ज्या वेस्पाला आपण तिरकी करून किक मारायचो तिच्यामागचं डोकं हेलिकॉप्टरवाल्याचं. फ्रान्सच्या ब्रेगेच्या १९३५ च्या यंत्रात मात्र आजच्यासारखा कोनाचाच फरक होता.

वऱ्हाडीठेचा
म्हूनच ते वेस्पा एका बाजूले वळत होतं. इंजिन उजवीकडं, टॉर्क कुठी कोण जाणे.

डवरा
मंडळी, ज्ञानात भर पडली, पण पोरांचं मॉडेल बाजूला राहिलं. पक्क्या कोनाचं आहे, इंजिन-बंद उतरणं त्याला जमणारच नाही ना?

फिरकी
नाही जमणार. पक्का उडता कोन, मोटर बंद, म्हणजे धोंडा. त्या उलट्या पॅडलची चिंता तुम्हाला नाही. पण थोडी सावली तुमच्यावरही पडते: थ्रॉटल एकदम खाली ओढून झपकन उतरवलं तर टॉर्क कमी, फरकही कमी, नाक सैल पडणार. हळू उतरवा.

तुरीचंबोळं
मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टरही कोअ‍ॅक्सियलच होतं. १.२ मीटरचे पंखे, वजन १.८ किलो, पहिलं उड्डाण १९ एप्रिल २०२१. तिथे प्रत्येक पंख्याला वेगळी मोटर होती, म्हणजे वेगाचा फरक करता आला असता. तरी दोन स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकड्या), सहा सर्व्हो (त्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) लावून कोनच बदलला. का?

फिरकी
कारण कोन त्यांना तसाही बदलायचाच होता, पुढे-मागे जायला. स्वॉशप्लेट आहेच तर वळण फुकटात मिळतं. आणि मिनिटाला २४०० च्या वर फेरे, विरळ हवा. असा वेग एकदा ठरवून स्थिर ठेवलेला बरा. पोरांकडे स्वॉशप्लेट नाही, म्हणून त्यांचा निर्णय उलटा.

पळसपान
मग डवरा, तुमचं मॉडेल पुढे-मागे जाणार कशाने? पक्का कोन, स्वॉशप्लेट नाही.

डवरा
हे राहिलंच होतं लिहायचं. खाली चार पट्ट्या लावायच्या ठरल्यात.

पळसपान
मग तुमची तिसरी वाट तुम्ही आधीच धरली आहे, फक्त वळण्यासाठी नाही. आर्डूपायलट (मॉडेल सावरणाऱ्या नियंत्रकाची संगणक प्रणाली) वापरत असाल तर त्यात फ्रेम क्लास ९ निवडा, तो नेमका याच मांडणीचा. आउटपुट १ ते ४ पट्ट्यांच्या सर्व्होंना, ५ आणि ६ मोटरींना. कलणं-झुकणं पट्ट्या करतात, तोंड फिरवणं मोटरींचा फरक करतो. पाती काढून ठेवा, काठी उजवीकडे द्या, घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या पंख्याची मोटर वाढली पाहिजे. दुसरीच वाढली तर ५ आणि ६ ची अदलाबदल. ही चूक राहिली तर नियंत्रक नाक सावरायला जाईल आणि आणखी जोरात फिरवेल, भोवराच. पट्ट्या १५ अंशांच्या वर वळू देऊ नका, पुढे वारा पट्टीला सोडून देतो.

नागमोडी
उडवायच्या आधी सायकलवर चाचणी घ्या. सायकलच्या पुढच्या चाकाचं हब घ्या, गोळ्या साफ, ग्रीस अगदी थोडं. एक्सल उभा करून अरुंद खांबावर आवळा, मॉडेल हबच्या कानांना बांधा. खांब जमिनीपासून किमान ६० सेंमी उंच हवा, नाहीतर वारा जमिनीवरून परत येऊन आकडे बिघडवतो. रुंद टेबलावर ठेवलं तरी तेच. बॅटरी मॉडेलवरच, वायर खाली आणायची नाही, नाहीतर वायरच पीळ घालते. आता नाक मोकळं फिरतं, बाकी सगळं जागेवर. फरक किती टॉर्क देतो ते ३० सेंमी काठीच्या टोकाला ताणकाटा लावून मोजता येईल.

तुरीचंबोळं
ताणकाटा म्हणजे पोती तोलायचा? हिशेब करून बघा. एका पंख्याला ५० वॉट आणि मिनिटाला १५०० फेरे धरले तर टॉर्क ०.३२ न्यूटन-मीटर. १० टक्के फरक म्हणजे ०.०३२. ३० सेंमीवर तो ११ ग्रॅम वजनाएवढा. पोत्याच्या काट्याला तो दिसणारही नाही.

१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर २०० ग्रॅमचं वजन ठेवा. वजनाला दोरा, दोरा सरळ वर, तिथे शिवणयंत्राचं बॉबिन सुईवर फिरतं ठेवलेलं, त्यावरून दोरा आडवा काठीच्या टोकाला, काठीशी काटकोनात. मॉडेल ओढेल तसा काट्यावरचा आकडा घटेल. १८९ दिसलं म्हणजे ११ ग्रॅम. सुई अडखळते, म्हणून वाचण्याआधी खांबाला बोटाने टिचकी मारायची.

रुईवाला
हे मस्त काढलं! पण एक सांगतो. आपल्याकडं हंगामात रुई उडते, ती दोन दांड्यांच्या मधात बेअरिंगवर गुंडाळते. मंग एक पंखा घासते आन् तोंड एका बाजूले जाते. घासण्याचा टॉर्कच लागते ना धडाले.

फिरकी
रुई गुंडाळते हे शंभर टक्के खरं. पण कारण थोडं वेगळं. बेअरिंगची घासट ही यंत्राच्या आतलीच ओढाताण. दांडा धडाला एका दिशेने ओढतो, मोटर तेवढीच उलट ढकलते, हिशेब शून्य. धड वळवतो तो फक्त हवेचा टॉर्क. मग तोंड का जातं? घासटीने त्या पंख्याचे फेरे कमी होतात, हवेचा टॉर्क घटतो आणि दुसरा पंखा जिंकतो.

फरक नुसता शब्दांचा नाही. नाक एकाच बाजूला सरकत असेल तर घासट हाताने चाचपत बसण्याआधी दोन्ही पंख्यांचे फेरे मोजा. फेरे बरोबर असतील तर दोष पात्यांत आहे: एखाद्याचा कोन हललेला, टोक मोडलेलं. फेरे कमी असतील तर रुई, वाकलेली आतली दांडी, फार घट्ट बसलेले गिअर नाहीतर थकलेली मोटर. आतली ४ मिमीची दांडी काचेवर लोळवून बघा, खाली उजेडाची फट उघडझाप करत असेल तर वाकलीय. सरळ करत बसू नका, बदला. नळीच्या दोन्ही टोकांची ४ बाय ७ ची बेअरिंगं प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी काढून साफ करा. चिमटीने रुई ओढू नका, ब्लेडने उभी कापा, ओढली की ती आणखी आत जाते.

चिमूरकर
उन्हाचं काही? ४५ अंशांना हवा १५ अंशांच्या मानाने नऊ टक्क्यांहून जास्त विरळ होते.

पळसपान
उचलही तेवढीच घटते, थ्रॉटल वर जातं आणि वळणासाठी राखलेला हात कमी होतो. पण तालुका प्रदर्शनं थंडीत असतात. मे महिन्यात शाळेच्या मैदानात मॉडेल उडवायला उभा राहणारा माणूस आधी पडेल.

वऱ्हाडीठेचा
मॉडेल तरंगते, मास्तर उतरते.

डवरा
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: वेगाचा फरक वळणाला, पट्ट्या कलण्या-झुकण्याला, खालचा कोन एक अंश जास्त, अंतर ८ सेंमी, कंट्रोलरचा ब्रेक चालू, तरंगताना थ्रॉटल ६० च्या आत. कोनाच्या फरकाचं एक वेगळं हातचं मॉडेल पुठ्ठ्याचं करून शेजारी ठेवू, म्हणजे परीक्षकांनी कामोव्हचं विचारलं तर पोरं दाखवू शकतील.

एक शेवटचं. बॉबिन प्लास्टिकचं घ्यायचं की लोखंडी?

तुरीचंबोळं
प्लास्टिकचं. लोखंडी जड असतं, सुईवर जास्त अडखळेल. आणि दोरा शिवणाचा, मांजा नको.